उघडे दार : ख्रिस्ती आतिथ्य आणि पंडिता रमाबाई

१

मराठीत ‘पाहुणा’ आणि ‘परका’ हे दोन शब्द एकमेकांपासून बरेच दूर उभे असतात. पाहुणा हा बहुधा सोयरा, ओळखीचा, निदान कोणाची तरी ओळख सांगत आलेला. परका तो, ज्याच्या गावाचा, कुळाचा, जातीचा ठाव आपल्याला नसतो. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो ‘अतिथी’, ही परंपरेने दिली जाणारी व्युत्पत्ती या दोहोंमधले अंतर थोडे कमी करते खरी. पण अतिथीला पाट मांडण्याआधी त्याची जात विचारून घेण्याची रीत आपल्या समाजात किती खोल रुजलेली होती, हे कोणाला सांगायला नको. ग्रीक भाषेत स्थिती निराळी आहे. तेथे ‘झेनोस’ या एकाच शब्दाने परक्याचाही बोध होतो आणि पाहुण्याचाही. नव्या कराराची भाषा ग्रीक. त्यात आतिथ्यासाठी येणारा शब्द ‘फिलोझेनिया’ हा आहे आणि त्याचा मूळ अर्थ परक्यावरील प्रेम असा होतो. सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालणे हे या शब्दाच्या कक्षेत फारसे येतच नाही.

ख्रिस्ती धर्मविचारात या कल्पनेला जे स्थान मिळाले त्याचे मूळ यहुदी परंपरेत आहे. मम्रे येथे भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामाने तीन अनोळखी वाटसरूंना आग्रहाने थांबवून घेतले व जेवू घातले. त्यांच्या रूपाने देवच आला होता, ही कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मोशेच्या नियमशास्त्रात परदेशीयाला छळू नये असे पुनःपुन्हा बजावले आहे आणि त्यासाठी दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. इस्राएलचे लोक स्वतः एके काळी मिसर देशात उपरे होते, याची आठवण त्यांना करून दिली जाते. म्हणजे येथे आतिथ्याचा पाया केवळ पुण्यसंचय हा नाही. स्वतःच्या परकेपणाची स्मृती हा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच विचार टोकाला नेलेला दिसतो. अंतिम न्यायाच्या प्रसंगी राजा सांगतो, की ज्या परक्याला तुम्ही घरात घेतले, अन्न दिले, वस्त्र दिले, तो परका मीच होतो.

स्वतः येशूचे चरित्र या दृष्टीने वाचले तर एक गोष्ट जाणवते. तो क्वचितच यजमान असतो. बहुधा तो पाहुणाच असतो. जन्माच्या वेळी त्याच्या आईला उतारशाळेत जागा मिळत नाही. जकातदार जक्कयाच्या घरी तो आपण होऊन उतरतो आणि लोकांची निंदा ओढवून घेतो. शोमरोनातील विहिरीपाशी तर तो तहानेला प्रवासी आहे. यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत अशा समाजातल्या, त्यातही बदलौकिकाच्या एका स्त्रीकडे तो पाणी मागतो. विहीर, पाणी आणि विटाळ यांचा संबंध ज्या समाजाला नव्याने समजावून सांगावा लागत नाही, त्या भारतीय समाजात या प्रसंगाचा अर्थ किती तीव्रतेने उमटावा हे उघड आहे. पुढे या निबंधात ही कथा पुन्हा येणार आहे.

पुढच्या शतकांत या धर्मभावनेला संस्थेचे रूप आले. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरिया नगराबाहेर संत बासिल यांनी वाटसरू, दरिद्री आणि रोगी यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली रचली, तिच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत तो साक्षात ख्रिस्त आहे असे मानून करावे, गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. त्याच प्रकरणात आणखी दोन तरतुदी आहेत. पाहुण्याला आलिंगन देण्यापूर्वी त्याच्यासह प्रार्थना करावी, कारण सैतान फसवी रूपे घेऊन येऊ शकतो, ही एक. पाहुण्यांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवावे, म्हणजे अवेळी येणाऱ्यांमुळे मठवासीयांच्या दिनक्रमात व्यत्यय येणार नाही, ही दुसरी.

या दोन तरतुदींत ख्रिस्ती आतिथ्याचा एक जुना पेच दडलेला आहे. पाहुणा ख्रिस्त असेल तर त्याला आहे तसाच स्वीकारला पाहिजे. त्याच्यावर कोणतीही अट घालण्याचा अधिकार यजमानाला उरत नाही. पण यजमानाची स्वतःची श्रद्धा असते, आणि ती श्रद्धाच त्याला दार उघडायला लावते. मग पाहुण्याने त्या श्रद्धेत सहभागी व्हावे असे त्याला वाटले तर त्यात गैर काय? आणि तसे वाटले, तर तो पाहुणचार राहतो की ते पाहुण्याला आपल्यासारखे करून घेणे ठरते? प्रार्थना आधी की आलिंगन आधी, या साध्या वाटणाऱ्या क्रमाचा हा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई, पुणे आणि केडगाव या ठिकाणी तो एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात जितक्या लख्खपणे उभा राहिला, तितका क्वचितच कोठे राहिला असेल. पाहुणी, आश्रित आणि यजमान या तिन्ही भूमिका त्या स्त्रीने जगून पाहिल्या होत्या. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते, आणि ज्या रानात त्यांनी बिऱ्हाड केले होते ते स्थान पवित्र मानले जात असल्याने तेथे विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा राबता असे. येईल त्याचा सत्कार करणे हा शास्त्रीबुवांचा धर्म होता. रमाबाईंनी आपल्या साक्षीत नोंदवले आहे, की सुमारे तेरा वर्षांत या अतिथिधर्मापायी त्यांच्या वडिलांची सारी मालमत्ता संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. वेताच्या पेटीत घालून त्यांना नेण्यात आले. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत, जे मिळेल त्यावर निर्वाह करीत भारतभर हिंडले.

ज्या घराने सर्वांना जेवू घातले ते घर असे रस्त्यावर आले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नान्न दशेत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण, असे आप्त एकामागून एक गेले. उरले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री. त्या दिवसांविषयी लिहिताना रमाबाई कोणालाही दोष देत नाहीत. पण एक गोष्ट त्या लपवीत नाहीत. उच्च कुळाच्या आणि विद्येच्या अभिमानामुळे भीक मागणे किंवा अंगमेहनतीचे काम करणे त्या कुटुंबाला जमले नाही. दान घेण्याचेही एक शास्त्र होते. पुराण सांगून मिळालेली दक्षिणा चालत होती, हात पसरून घेतलेला घास चालत नव्हता. आतिथ्याचा विचार आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने करतो. घेणाऱ्याला काय सोसावे लागते, घेण्यासाठी काय सोडावे लागते, हे रमाबाईंना वयाच्या विशीच्या आत कळले होते. पुढे त्यांनी जी घरे उभारली त्यांच्या मुळाशी ही जाणीव आहे, असे मला वाटते.

१८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी झालेला गौरव, १८८० मधील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी झालेला नोंदणी विवाह, १८८२ मध्ये आलेले वैधव्य आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्यांचे पुण्यास येणे, हा भाग सर्वज्ञात आहे. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या वाँटेज येथील मठात त्यांची राहण्याची सोय झाली. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. रमाबाईंनी हा पाहुणचार फुकट घेतला नाही. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे आणि त्याच्या मोबदल्यात आपला व मुलीचा निर्वाह व्हावा, अशी ती व्यवस्था होती. डोंगरे कुटुंबाच्या पोरीला दक्षिणा आणि भिक्षा यांतला फरक पक्का ठाऊक होता.

३

रमाबाईंच्या ख्रिस्तस्वीकाराला आतिथ्याच्याच एका दृश्याने चालना दिली. लंडनमधील फुलहॅम येथे याच भगिनींनी ‘पतित’ ठरलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयगृह त्यांना दाखवण्यात आले. शास्त्रांनी आणि समाजाने ज्या स्त्रियांसाठी फक्त दंड सांगितला होता, त्यांना कोणी घरात घेते, त्यांची सेवा करते, त्यांच्यातून नवी माणसे घडू शकतात असे मानते, हे त्यांना नवीन होते. या करुणेचे कारण त्यांनी विचारले तेव्हा उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीपाशी पाणी मागणारा तो प्रवासी रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरची अडीच वर्षे त्यांच्या यजमानांना सोपी गेली नाहीत आणि रमाबाईंनाही. मांस आणि अंडी न खाण्याचा त्यांचा नेम हा जातीच्या अभिमानाचा अवशेष आहे, असे तेथे काहींना वाटले; स्वतः रमाबाई मात्र तो आपला साधा अधिकार मानीत होत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्रैक्यासारख्या सिद्धांतांबाबत त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि ते झाल्याचे सोंग करणे त्यांना मान्य नव्हते. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना दोन्ही बाजूंविषयी आदर वाटतो. जेराल्डीन यांचे प्रेम खरे होते. पण ते आपल्या घरी आलेल्या मुलीने घरच्या वळणाने वागावे अशी अपेक्षा करणारे प्रेम होते. रमाबाई त्यांना विनयाने पण ठामपणे सांगत राहिल्या, की एका बंधनातून सुटून आलेली आपली सदसद्विवेकबुद्धी आपण दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करणार नाही.

ताटात काय वाढावे आणि गळ्यात काय घालावे, अशा बारीकसारीक गोष्टींवरून झालेल्या या वादाला चरित्रकारांनी कधी कधी किरकोळ मानले आहे. मला तो तसा वाटत नाही. पाहुण्याची परीक्षा मोठ्या तत्त्वांवर होत नाही. ती पानावर होते. वाँटेजमध्ये रमाबाईंना कळले, की प्रेमाने उघडलेल्या दाराच्या आतही पाहुण्याला स्वतःसाठी थोडी जागा मागून घ्यावी लागते. सहा वर्षांनी त्या स्वतः यजमान झाल्या तेव्हा ही आठवण त्यांच्याबरोबर होती.

४

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या नियोजित कार्यासाठी साहाय्यक संघ स्थापन झाला. दहा वर्षे मदत देण्याचे त्या संघाने मान्य केले. विधवांसाठी काढायच्या या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येकीला आपापल्या आचारानुसार राहता येईल, ही भूमिका आरंभापासून स्पष्ट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले; पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. सदनाची व्यवस्था पाहिली की वाँटेजमधील अनुभवाचे धडे त्यात उतरलेले दिसतात. चालवणारी बाई ख्रिस्ती होती. पण स्वयंपाकपाणी ब्राह्मणी आचाराप्रमाणे होई. मुलींना सोवळेओवळे पाळता येई, व्रतवैकल्ये करता येत. रमाबाई स्वतः जातिभेद मानीत नव्हत्या, आणि ज्या स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेने त्यांनाच विटाळ ठरवले होते त्या कल्पनेला आपल्याच घरात जागा देणे त्यांना सोपे गेले असेल असे नाही. तरी त्यांनी ती जागा दिली. बेनेडिक्टने पाहुण्यांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवले ते मठाच्या सोयीसाठी. रमाबाईंनी वेगळे ठेवले ते पाहुण्यांच्या मनाला धक्का लागू नये म्हणून. ज्या बालविधवेला सासरमाहेरी कोठेच स्थान नव्हते, तिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे आचाराखेरीज काही उरलेलेही नसे. तेवढे तरी दारात काढून ठेवायला लावू नये, हा त्यामागचा विवेक होता.

सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई, म्हणजेच पुढे ‘बाया’ कर्वे, या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या मागे शारदा सदनाची प्रेरणा होती, हे सर्वमान्य आहे. ख्रिस्ती स्त्रीच्या घरी राहून शिकलेली आणि हिंदूच राहिलेली ही विधवा ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मकथनामुळे मराठी वाङ्मयातही स्थिरावली. रमाबाईंच्या आतिथ्याची पहिली पारख करायची तर ती येथे करावी.

याच काळात एका मराठी ख्रिस्ती घरात असाच एक प्रयोग अगदी खाजगी पातळीवर घडत होता. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या; मग पतीजवळ आल्या त्या आपला आचार आणि आपली चूल घेऊनच. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारीपर्यंतचा हा प्रवास ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हसतखेळत सांगितला आहे. पण त्या विनोदाखाली एक गंभीर गोष्ट आहे. एकाच छपराखाली दोन चुली पेटत असताना टिळकांना वाट पाहावी लागली. यजमानाच्या अंगी असावा लागणारा सर्वांत कठीण गुण तो हाच.

५

शारदा सदनावरील वादळ फुटले ते प्रार्थनेवरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पण कोणी परतही पाठवले नव्हते. ‘केसरी’सारख्या पत्रांतून सदनावर टीका आधीपासूनच होत होती, आता तिला धार आली. सदनाच्या सल्लागार मंडळात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे वचन मोडले जात आहे, असे त्यांना वाटले. ऑगस्ट १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रकरणी एका बाजूला सनातनी आणि दुसऱ्या बाजूला मुक्तिदात्री, असे चित्र रंगवणे सोपे आहे. ते खरे मात्र नाही. रानडे आणि भांडारकर हे विधवांच्या शिक्षणाचे विरोधक नव्हते. त्या शिक्षणासाठी लोकांचा विश्वास टिकवणे त्यांना आवश्यक वाटत होते. निराधार मुलगी आणि तिची आश्रयदाती यांच्यातील नाते समान नसते, हेही त्यांना दिसत होते. जिच्या अन्नावर आपण वाढतो तिच्या उघड्या दारातून आत जाण्याची इच्छा कितपत स्वतंत्र असते? हा प्रश्न त्यांनी या शब्दांत विचारला नसेल, पण त्यांच्या राजीनाम्यामागे तो होता.

रमाबाईंची बाजूही तितकीच समजून घेतली पाहिजे. धर्म न शिकवण्याचे वचन त्यांनी दिले होते. आपली श्रद्धा लपवण्याचे वचन दिले नव्हते. सदनातील मुलींना गीता वाचण्याची, पूजा करण्याची मोकळीक असेल तर घरधनीणीला आपल्या खोलीत प्रार्थना करण्याची मोकळीक का नसावी? आणि दार लावून घ्यायचे म्हणजे काय करायचे? ज्या मुलींच्या तोंडावर आजवर प्रत्येक घराचे दार लागले होते, त्यांच्या तोंडावर आणखी एक दार लावायचे. ते त्या करणार नव्हत्या.

दार तेच होते. रमाबाईंच्या दृष्टीने ते स्वागताचे होते, रानड्यांच्या दृष्टीने ओढून घेणारे. शंभराहून अधिक वर्षांनंतर या वादाकडे पाहताना मला दोघांपैकी एकाला चूक म्हणणे कठीण जाते. ख्रिस्ती आतिथ्यातील जो जुना पेच आरंभी सांगितला, तोच येथे एका खोलीच्या चौकटीत उभा होता. यजमान संपूर्ण तटस्थ राहिला तर त्याचे घर धर्मशाळा होते. आणि त्याने आपले सर्वस्व पाहुण्यासमोर मांडले तर त्या सर्वस्वाचे ओझे पाहुण्यावर पडते.

६

तीन वर्षांनी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या वार्ता आल्या आणि रमाबाई तिकडे गेल्या. तेथील अनाथगृहे आणि मदतकेंद्रे त्यांनी पाहिली. भुकेल्या मुलींवर टपून असलेली माणसेही पाहिली. जे त्यांनी पाहिले ते त्यांना नवे नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः त्या रांगेत होत्या. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणवल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून पुण्यापासून काही कोसांवरील केडगाव येथे सदनाच्या खर्चासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरत्या छपराखाली त्यांची सोय करावी लागली. मुक्तिसदनाचा आरंभ असा झाला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो मुली आल्या आणि वस्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. फुलहॅममध्ये पाहिलेल्या आश्रयगृहाच्या धर्तीवर ‘कृपा सदन’ही याच आवारात उभे राहिले.

शारदा सदनात पाहुणी उच्चवर्णीय विधवा होती. मुक्तिसदनात जात विचारण्याला अवसर नव्हता. उकिरड्यावरचे दाणे वेचून जगलेल्या, रोगाने पोखरलेल्या, कोणत्या गावच्या हेही सांगता न येणाऱ्या मुली तेथे होत्या. ‘फिलोझेनिया’चा मूळ अर्थ कोणाला डोळ्यांनी पाहायचा असेल तर तो येथे होता. रमाबाईंनी त्यांना केवळ जेवू घातले नाही. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छपाई अशी कामे त्यांना शिकवली. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले. डोंगरे कुटुंबाला श्रम करून खाण्याची लाज वाटली होती. त्याच कुटुंबातील या स्त्रीने, हात पसरावा न लागता खाता येईल अशी सोय दोन हजारजणींसाठी केली.

मात्र वेगळ्या स्वयंपाकघराची कल्पनाही येथे मागे पडली. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. १८९८ मध्ये अमेरिकन संघाची दहा वर्षांची मुदत संपली आणि त्याबरोबर तटस्थतेची जुनी अटही मागे राहिली. मुली मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेऊ लागल्या आणि १९०५ मध्ये केडगावात प्रार्थनेची जी लाट उसळली तिची वार्ता परदेशांतही पोहोचली. ज्यांना घर नव्हते, गोत नव्हते, ज्यांच्या जुन्या धर्माने त्यांची विचारपूसही केली नव्हती, त्यांनी आश्रयदात्रीचा देव आपला मानला यात आश्चर्य नाही. तरी भांडारकर-रानड्यांच्या मनातील प्रश्न येथे नाहीसा होत नाही. उलट अधिक गडद होतो. वाँटेजमध्ये ज्या रमाबाई पानावरील पदार्थांबाबतही आपला अधिकार राखून होत्या, त्यांच्या केडगावात एखाद्या दहा वर्षांच्या अनाथ मुलीला तसा अधिकार कितपत वापरता येत असेल? रमाबाईंविषयीच्या आदराला बाधा न आणता हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारलाही पाहिजे. त्याचे उत्तर देताना एवढे मात्र विसरू नये, की ज्यांनी तो त्या काळी सर्वांत मोठ्याने विचारला, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्या दुष्काळात आपले दार उघडले होते.

७

साहित्याच्या अभ्यासकाला रमाबाईंच्या आतिथ्याचा आणखी एक पैलू दिसतो आणि तो भाषेत आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. हा मजकूर केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील स्त्रियांनीच जुळवला आणि छापला. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतराचे काम तोवर हातावेगळे झाले होते. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्यांच्या संस्कृत पांडित्याने कलकत्त्याचे विद्वान थक्क झाले होते, त्या रमाबाईंनी या भाषांतरात संस्कृत शब्द हेतुपूर्वक टाळले. त्यांना नुकतीच अक्षरओळख झालेल्या, खेड्यातल्या बाईला कळणारी मराठी हवी होती. भाषेलाही उंबरठा असतो. जी विद्या वडिलांनी आईला लोकनिंदा सोसून दिली आणि आईने आपल्याला दिली, तिचा उंबरठा सामान्य स्त्रीला किती उंच पडतो हे रमाबाईंना माहीत होते. तो त्यांनी स्वतःच्या हाताने खाली आणला. विद्वानाच्या दृष्टीने हा त्याग लहान नाही.

पण येथेही दाराला दोन बाजू आहेत. संस्कृत शब्द टाळण्यामागे सुबोधतेबरोबर दुसरे कारण होते: त्या शब्दांना चिकटलेले हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ त्यांना आपल्या ग्रंथात येऊ द्यायचे नव्हते. म्हणजे ज्या हाताने अशिक्षित स्त्रीसाठी दार उघडले, त्याच हाताने स्वतःच्या पूर्वायुष्यासाठी ते लावून घेतले. क्रूसावर संस्कृत अक्षरे हवीत म्हणून वाँटेजमध्ये भांडणारी तरुणी आणि संस्कृतला उंबरठ्याबाहेर थांबवणारी ही वृद्धा यांच्यामध्ये सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. याच काळात टिळकांनी ओवी-अभंगांच्या आणि वारकरी भक्तीच्या भाषेला ख्रिस्ती उपासनेत मानाने बसवले. एकाच पिढीतील, एकाच श्रद्धेची ही दोन माणसे. एकाने जुन्या भाषेला पाहुणी म्हणून घरात घेतले, दुसरीने ज्यांना कोणतीच भाषा मिळाली नव्हती त्यांना. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला दोघांचीही गरज होती, आणि केवळ एकाच्या बळावर ते उभे राहिले नसते.

केडगावची संस्था आजही चालू आहे. रमाबाईंच्या आयुष्याचा हिशोब मांडताना त्यांनी किती जणींना आश्रय दिला हा आकडा नेहमी पुढे येतो, आणि तो मोठा आहे यात शंका नाही. परंतु आतिथ्याच्या इतिहासात त्यांचे स्थान केवळ आकड्यामुळे नाही. गंगामूळच्या रानात सर्वांना जेवू घालून उपाशी राहिलेले घर, वाँटेजमधील पान, शारदा सदनातील दोन आचारांची सोय, उघड्या दाराची खोली आणि केडगावचे छप्पर या साऱ्यांतून एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर वागवला. परक्याला घरात घेतल्यानंतर त्याला परका राहण्याची मुभा किती द्यायची? शारदा सदनात त्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले, मुक्तिसदनात दुसरे. पहिले उत्तर अधिक उदार होते, दुसऱ्याने अधिक जीव वाचवले. दोन्ही उत्तरे एकाच स्त्रीची होती, ही गोष्ट नजरेआड करून त्यांच्याविषयी लिहिणे सोयीचे असेल. प्रामाणिकपणाचे होणार नाही.